जुनी सीओटू रायफल हवेवर करून घ्यावी, की सरळ वापरलेली पीसीपी?

माशी_आणि_पीप

दहा मीटर एअर रायफलबद्दल विचारतोय. मुलगी चौदा वर्षांची, उंची पाच फूट एक, उजव्या खांद्याची. दीड वर्ष ओपन साइट (उघड्या खाचेतून नेम) झालं, आता पीप साइटला (बारीक भोकातून नेम) जायचंय. पर्याय असे:

१) क्लबची जुनी वाल्थर सीजी९०, सीओटूवर (कार्बन डायऑक्साइडवर) चालणारी. पस्तीस हजार मागतायत. नळी चांगली आहे असं म्हणतात. एक लेथवाला पंचवीस हजारात रेग्युलेटर बनवून ती हवेवर करून देतो म्हणतो.

२) वापरलेली पीसीपी, म्हणजे सिलिंडरात दाबून भरलेल्या हवेवर चालणारी. एक लाख तीसपर्यंत ताणता येईल.

नवी जर्मन रायफल बजेटच्या बाहेर आहे, त्यामुळे ती सुचवू नका. साठ हजारात काम होत असेल तर उरलेले सत्तर छर्‍यांना आणि प्रवासाला लागतीलच.

ओरिंग_७०

लेथवाल्याचं नाव ऐकून आधी एकच प्रश्न. टेस्टिंगच्या वेळी रायफल गालाला तो लावणार आहे का?

मस्करी नाही. सीओटू सिलिंडरमध्ये द्रव असतो आणि त्याचा दाब तापमान ठरवतं. २० अंशाला सुमारे ५७ बार, ३० अंशाला ७२ च्या आसपास. रायफलचा व्हॉल्व्ह, त्याची सीट, सील सगळं त्या दाबासाठी बनवलेलं. हवेचा सिलिंडर २०० बारचा. मधला रेग्युलेटर हा दाब साठ-सत्तरवर आणून धरतो, आणि त्याची सीट गळाली तर पूर्ण २०० बार त्या जुन्या व्हॉल्व्हवर येतो. हा व्हॉल्व्ह गालाच्या हाडापासून वीतभर अंतरावर असतो. म्हणून कंपनीच्या रेग्युलेटरमध्ये जास्तीचा दाब बाहेर सोडायची सोय असते. लेथवाल्याच्या ड्रॉइंगमध्ये ती आहे का, ते बघा. ड्रॉइंग आहे का, तेही बघा.

दुसरं, आटे बसले म्हणजे काम झालं असं नाही. मूळ सीओटू सिलिंडरमध्ये हवा भरायचा विचारसुद्धा करू नका.

दहा_पूर्णांक_नऊ

कन्व्हर्शन करायचंच असेल तर ज्या रायफलीला कंपनीचं स्वतःचं किट मिळतं तिच्यावरच करावं. मिळतं का, ते सिरियल नंबर देऊन विचारायचं. किटमध्ये निदान गेजवाला हवेचा सिलिंडर, रेग्युलेटर, अडॅप्टर आणि सीलचा संच हवा. सील बदलावेच लागतात. साधी नायट्राइल ओ-रिंग सीओटू शोषून फुगते. वर्षानुवर्षं फुगलेली-आकसलेली रिंग हवेच्या दाबाला टिकत नाही.

त्यानंतर वेग पुन्हा लावावा लागतो. हवा आणि सीओटू व्हॉल्व्हमधून सारख्या वेगाने सुटत नाहीत, त्यामुळे जुन्या सेटिंगवर छर्रा कितीने जाईल ते क्रोनोग्राफशिवाय (वेगमापकाशिवाय) कळत नाही. ०.५३ ग्रॅमचा छर्रा १७० ते १७५ मीटर प्रति सेकंद हवा, म्हणजे पावणेआठ ज्यूलच्या आसपास. १९० करून काही मिळत नाही. हवा जास्त जाते, धक्का वाढतो, ग्रुप उघडतो, म्हणजे भोकं पांगतात.

तांबडा_रस्सा

पण हवेवर करायचंच कशाला? सीओटूवर अख्ख्या जगाने स्पर्धा मारल्यात. दाब कमी, झटका मऊ, सिलिंडर हलका. रेंज एसी असेल तर सीजी९० आहे तशी वापरा. पस्तीस हजारात काम संपलं.

वैदर्भीय_ऊन

रस्सेदादा, तुमच्या कोल्हापुरात चालत असेल. नागपुरात मे महिन्यात या रायफल घेऊन.

हिशेब सांगतो. १७२ च्या वेगाने छर्रा दहा मीटरपर्यंत पोचताना साडेसतरा मि.मी. खाली पडतो. वेग ७ मीटरने घसरला तर पडणं दीड मि.मी.ने वाढतं. गुणाचा एक दशांश म्हणजे पाव मि.मी. म्हणजे फक्त गॅसचं तापमान बदललं म्हणून सहा दशांश गेले. १०.६ चा ठोका १०.० होणार, आणि पोरगी समजणार की आपला ट्रिगर चुकला. सकाळी सायटिंगला २४ अंश, शेवटच्या दहा शॉटला ३१ अंश, असं आपल्याकडच्या पत्र्याच्या रेंजवर रोज होतं. भराभर शॉट मारले तरी सिलिंडर गार पडून वेग उतरतो.

आणि ३१ अंशाच्या वर सीओटू द्रव राहतच नाही. काठोकाठ भरलेला सिलिंडर गाडीच्या डिकीत ठेवला तर दाब कुठे जाईल याचा नेम नाही. म्हणून तो वजन करूनच भरतात. रिकाम्याचं वजन, भरल्याचं वजन, आणि अंगावर कोरलेल्या ग्रॅमच्या वर एक ग्रॅम नाही.

तांबडा_रस्सा

दीड मि.मी. मान्य. पण ओपन साइटवरून नुकतंच पीपला आलेलं मूल पहिली सहा महिने ९.० ते १०.५ मध्ये फिरतं. सहा दशांशांचं रडगाणं ज्याचा स्कोअर ६२० च्या पुढे गेलाय त्याने गावं.

वैदर्भीय_ऊन

बरोबर. पण शिकणार्‍यालाच चूक कोणाची ते कळायला हवं. वर-खाली का गेलं याची दोन कारणं असली की ते चुकीचंच कारण धरतं.

रविवारचा_नेमबाज

पन्नास मीटरची पण चर्चा करा ना कोणीतरी. स्वप्निल कुसाळेने पॅरिसला तेच मारलं २०२४ मध्ये. बापाची बारा बोर पडून आहे, तिचं पॉइंट टू टू होतं का?

धागा_राखणदार

नाही. आणि हा विषय इथेच थांबवा. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ मध्ये बंदूक बनवणं, विकणं, दुरुस्त करणं यांच्या रांगेतच तिच्यात बदल करणंही आहे. त्यासाठी वेगळा परवाना लागतो. तांत्रिकदृष्ट्याही बारा बोर गुळगुळीत नळीची, तिचा रायफलीशी संबंध नाही.

एअर रायफलचं वेगळं आहे. २०१६ च्या नियमांप्रमाणे नळी .१७७ इंचाची आणि ताकद २० ज्यूलच्या आतली असेल तर परवाना लागत नाही, दुकानदार ओळखपत्र घेतो. मॅच रायफल आठ ज्यूलच्या आसपास असते, त्यामुळे या धाग्यातली चर्चा चालू द्या. "कन्व्हर्ट करून पॉवर वाढवून देतो" म्हणणार्‍यापासून मात्र चार हात लांब राहा. वीसच्या वर गेलात की परवान्याशिवायचं हत्यार तुमच्या घरात आहे.

रविवारचा_नेमबाज

सॉरी राखणदार. बारा बोर परत कपाटावर.

स्प्रिंगवाला

मी तिसरंच कन्व्हर्शन सुचवतो. मुलीकडे ओपन साइटची स्प्रिंग रायफल असणारच. तिच्यावरच डायॉप्टर (मागची भोकवाली साइट) आणि टनेल माशी (पुढची, नळकांड्यातली) चढवली तर? पंधरा-वीस हजारात पीप साइट तयार.

दहा_पूर्णांक_नऊ

चढते, पण चार ठिकाणी अडते.

एक, डायॉप्टरला ११ मि.मी.ची खाच लागते. स्वस्त रायफलींच्या खाचेचा कोन थोडा वेगळा असतो, मग चाप घट्ट बसत नाही. स्प्रिंगचा धक्का आधी मागे आणि मग पुढे असा दुहेरी असतो. वीस शॉटमध्ये डायॉप्टर केसभर सरकतं. मागे अडवणारी पिन नसेल तर झिरो (साइटची जुळणी) रोज शोधायचा.

दोन, ब्रेक बॅरलला माशी नळीवर आणि डायॉप्टर बॉडीवर. नळी प्रत्येक वेळी मोडून पुन्हा बसते, ती जरा जरी वेगळी बसली की दोन साइटमधलं नातं बदललं. ओपन साइटलाही हे होतं, फक्त तिथे दिसत नाही. पीपने दिसायला लागतं.

तीन, उंची. डायॉप्टरची रेषा नळीच्या खूप वर असते. माशीखाली तेवढाच उंचवटा लागतो, नाहीतर डायॉप्टर तळाला टेकूनही शॉट वरच. आणि गाल ठेवायला स्टॉक खालीच राहतो. हनुवटी टेकवून नेम धरायची सवय लागली की ती सोडवायला वर्ष जातं.

चार, छर्रा नळीबाहेर पडायच्या आत रायफल हललेली असते. पकड शॉटगणिक सारखी नसेल तर नेम बरोबर असूनही छर्रा भलतीकडे.

सरावाला ठीक. पैसे वाचवायला नाही.

स्प्रिंगवाला

बरं बाबा. नाव बदलून घेतो.

जॅकेटवाली_मावशी

सगळे रायफलीत अडकलात. चौदा वर्षांच्या मुलीला आधी जॅकेट, ट्राउझर, बूट लागतात. साडेचार किलोचं वजन उभ्याने सव्वा तास धरायचं तर कंबरेला आधार हवा. क्लबची रायफल सहा महिने वापरता येत असेल तर आधी कपडे घ्या.

आणि कपडे नवे शिवू नका. या वयात मुलं अजून वाढत असतात. वापरलेलं जॅकेट घ्या, पण कॅनव्हास मऊ पडलेलं नको. खांदा आणि कोपर दाबून बघा, ताठपणा शिल्लक हवा. ताठपणा आणि जाडी इक्विपमेंट कंट्रोलला (स्पर्धेतल्या साहित्य तपासणीला) मोजतात, जुनं सहसा पास होतं.

ओरिंग_७०

मावशींशी सहमत. फक्त क्लबच्या रायफलीवर चार जण चार मापं लावतात. बटप्लेट (खांद्याला टेकणारी), चीकपीस (गालाचा आधार), डायॉप्टरचं अंतर रोज बदलतं. टेप आणि मार्कर घेऊन आपली मापं वहीत लिहून ठेवली तरच त्या सहा महिन्यांचा उपयोग.

मापाचंच निघालं म्हणून. सीजी९० चा लाकडी स्टॉक मोठ्या माणसाचा. बटप्लेट कोपराच्या खोबणीत टेकवा, तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर यायला हवं. पाच फूट एकच्या मुलीचं सगळे स्पेसर (लांबी वाढवायच्या चकत्या) काढूनही येणार नाही. मग स्टॉक कापायचा. कापलेला स्टॉक पुढे विकताना भाव पाडतो.

पंप_आणि_घाम

वापरलेली पीसीपी बघायला जाताना काय न्यायचं: क्रोनोग्राफ, आपले छर्रे, बादली, टॉर्च, कापसाची काडी. क्रोनोग्राफ नसेल तर रेंजवर कोणाकडे तरी असतोच, त्या दिवशी जा.

आधी सिलिंडर. बनवल्याचा महिना-वर्ष अंगावर कोरलेलं असतं. बर्‍याच कंपन्या दहा वर्षांची मुदत देतात, आणि मुदत संपलेला सिलिंडर वापरायचा नाही ही जबाबदारी आयएसएसएफने (नेमबाजीच्या जागतिक संघटनेने) खेळाडूवरच टाकलीय. तेव्हा दहा वर्षं झालेला सिलिंडर म्हणजे शून्य किंमत. नव्याचे पैसे सांगितलेल्या भावातून वजा करा. नंतर भरलेला सिलिंडर काढून बादलीत बुडवा. दोन मिनिटांत एकही बुडबुडा नको. गेजच्या कडेने बारीक मोत्यांची माळ निघाली तर तिथली ओ-रिंग गेली, हे स्वस्त काम. तोंडाच्या व्हॉल्व्हमधून निघाली तर सीट.

मग रेग्युलेटर. दहा शॉट सलग मारा, वेग लिहा. सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त यांत ३-४ मीटरच्या वर फरक नको. आता रायफल पंधरा मिनिटं तशीच ठेवा, पाणी प्या, विक्रेत्याशी गप्पा मारा, आणि अकरावा शॉट घ्या. तो एकदम ८-१० ने वर गेला तर रेग्युलेटर सरपटतोय. बसल्या बसल्या त्याच्यातून दाब पुढे झिरपतोय. विक्रेता "पहिला शॉट असाच असतो" म्हणेल. नसतो.

नळीच्या तोंडाला कापसाची काडी गोल फिरवा. धागा अडकला तर तिथे खरवड आहे. पुसायची सळई पुढून घालणार्‍यांची कृपा.

शेवटी बेंचवर टेकवून पाच-पाच छर्‍यांचे चार ग्रुप. पाचांचं मिळून एकच भोक, बाहेरून ६ मि.मी.च्या आत. ४.४९ आणि ४.५० दोन्ही मापांचे छर्रे न्या, एखादी नळी एकाला रुसते.

तांबडा_रस्सा

"विक्रेत्याशी गप्पा मारा" हे टेस्टिंगच्या पायरीत घातलेलं पहिल्यांदा वाचलं.

पंप_आणि_घाम

सगळ्यात जास्त माहिती त्या पंधरा मिनिटांतच मिळते. का विकताय, विचारायचं आणि गप्प बसायचं.

कोकणी_दमट

हवा भरायचं कोणी बोलत नाही. हँडपंपने रायफलचा छोटा सिलिंडर ८० पासून २०० ला न्यायला शंभरच्या वर दांडे लागतात, आणि शेवटचे तीस चौदा वर्षांच्या मुलीला जमत नाहीत. बाबा, तयारी ठेवा. दर चाळीस दांड्यांनी थांबून पंप गार होऊ द्या, खालचा स्क्रू उघडून पाणी काढा. रत्नागिरीच्या पावसाळ्यात चमचाभर निघतं. तेच पाणी सिलिंडरात गेलं तर आतून गंज, आणि गंजाचा कण रेग्युलेटरच्या सीटवर बसला की वर लिहिलेलं सरपटणं सुरू.

पंपात किंवा भरायच्या तोटीला मशीनचं तेल कधीही नको. दाबाखालच्या गरम हवेत तेल पेटतं. सिलिकॉन ग्रीस, तेही राईएवढं.

आणि बाहेरगावी विमानाने जाताना सिलिंडर रिकामा करून, काढून ठेवा. भरलेला चढू देत नाहीत.

माशी_आणि_पीप

सगळ्यांचे आभार, काल जाऊन बघून आलो. सीजी९० सोबत दोन सिलिंडर आहेत, दोन्ही सीओटूचे, एकावर ९३ आणि दुसर्‍यावर ९४ साल. बटप्लेट कोपरात लावून बघितली, बोट ट्रिगरच्या दोन इंच अलीकडेच राहतं. डायॉप्टर आणि टनेल माशी मात्र सुरेख आहेत. क्लिक कडक, काचेसारखे.

दुसरीकडे एक हॅमर्ली एआर२० आहे, अ‍ॅल्युमिनियम स्टॉक, सिलिंडर पाच वर्षं जुना. एक लाख पाच सांगतायत. पण साइट नाहीत, त्या विक्रेत्याने स्वतःकडे ठेवल्या.

दहा_पूर्णांक_नऊ

मग पहिला पर्याय गणितानेच गेला. पस्तीस रायफलीचे, पंचवीस लेथवाल्याचे, वर हवेचा सिलिंडर, पंप, स्टॉकचं काम. नव्वदच्या घरात जाऊन हातात येते तीस वर्षं जुनी, कोणी परत विकत न घेणारी रायफल. एआर२० दोन वर्षांनी विकलीत तर बहुतेक पैसे परत येतात. ती शिकणार्‍यांचीच रायफल आहे. स्टॉकची लांबी आणि गालाची उंची चावीने बदलते, मुलगी वाढली की रायफलही वाढते.

पंपभाऊंची बादली आणि पंधरा मिनिटं एआर२० लाही लावा. भाव नव्वदपंचाण्णववर आणायला साइट नसणं हे एवढं कारण पुरतं.

वैदर्भीय_ऊन

आणि साइटसाठी क्लबला विचारा की सीजी९० चं डायॉप्टर आणि माशी वेगळी देतात का. ११ मि.मी.चीच खाच, एआर२० वर बसतात का ते लावून बघा. माशीच्या इन्सर्टचा (आत बसणार्‍या रिंगेचा) आटा एम१८ आहे का तेवढं बघा, म्हणजे रिंगा कुठेही मिळतील. सुरुवातीला ३.८ ची रिंग. काळ्या गोळ्याभोवती पांढरं भरपूर दिसलं पाहिजे. बारीक रिंग लावली की पोरं नेम धरून बसतात, शॉट सोडतच नाहीत.

तांबडा_रस्सा

मी माझी एसी रेंज मागे घेतो. ९३ सालचा सिलिंडर मीही गालाला लावणार नाही.

जॅकेटवाली_मावशी

एक लाख तीसमधून नव्वद रायफल, दहा-बारा साइट. राहिलेल्यात जॅकेट. छर्रे एकाच बॅचचे दहा डबे घ्या, डब्यावरचा नंबर बघून.

माशी_आणि_पीप

क्लब साइट द्यायला तयार आहे, रायफल भिंतीवर लावणार म्हणे. एआर२० चं टेस्टिंग रविवारी, बादली घेऊन चाललोय.

ओरिंगदादा, लेथवाल्याला तुमचा गालाचा प्रश्न विचारला. म्हणाला, "पहिले दहा शॉट दोरी बांधून लांबून मारू."